ओट्याखालचा आवाज

"काय ऐकू येतंय?" रेवणमामांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

"परत ऐका."

मी परत सळई कानाला लावली. चार फूट लांब लोखंडी सळई, खालचं टोक रस्त्यावर टेकवलेलं आणि वरच्या टोकाला लाकडाची चकती. ती चकती कानाशी दाबून धरायची आणि जमिनीखालच्या नळातलं पाणी ऐकायचं, असा तो प्रकार होता. रविवारी सकाळी नऊ वाजता, भर रस्त्यात, अठ्ठावन्न वर्षांची बाई वाकून जमिनीला कान देऊन उभी. जाणारे-येणारे सायकल थांबवून बघत होते.

"लोक हसतायत ते ऐकू येतंय," मी म्हणाले. मागे उभे असलेले सगळे हसले. मामा तेवढे हसले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणालात?"

"काही नाही म्हटलं."

"तोंड बंद ठेवा, बाई. मग येईल ऐकू."

मला असं आजवर कुणी बोललेलं नव्हतं. एकतीस वर्षं मी बालवाडी चालवली. 'तोंड बंद ठेवा' हे वाक्य माझं होतं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा आमच्या महापालिकेनं बंद पडलेल्या जकात नाक्याची खोली रंगवून तिथं 'शहरशाळा' काढली होती. दर रविवारी दोन तास, वयाची अट नाही, परीक्षा नाही. आपल्या शहरात पाणी कुठून येतं, कचरा कुठं जातो, झाडं कोण जगवतं, हे त्या त्या कामातल्या माणसाकडून शिकायचं. घंटागाडीवाली बाई येऊन ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवायची, रोपवाटिकेतला माळी कलमं करून दाखवायचा. मी गेले ती शिकायला म्हणून नाही. खरं सांगायचं तर हे लोक काय दिवे लावतात ते बघायला गेले. शिवाय आमचे हे गिरणीतून निवृत्त होऊन घरी बसले होते आणि माझ्या आमटीत मीठ किती पाहिजे ते रोज सांगत होते, हेही एक कारण होतंच.

बाकावर माझ्या शेजारी हसीनाबी बसायची. ती बांगड्या विकायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची काचेची पेटी तीस वर्षं उभी होती, आणि माझ्या सुनेचा लग्नातला चुडासुद्धा तिनंच भरलेला. राहायची आमच्याच गल्लीत, खालच्या अंगाला. गल्ली उताराची. वर आम्ही, खाली अकरा घरं. वर चौथ्या दिवशी दोन तास पाणी यायचं. खाली यायची ती करंगळीएवढी धार, तीही पाव तास. पाणी उतारालाच का उतरत नाही, हे कुणाला सांगता येत नव्हतं. 'लाईन जुनी झालीय, नवी मंजूर आहे' एवढं एक उत्तर मिळायचं, आणि मग टँकर यायचा. त्याच्या पाइपाखाली हसीनाबी दुखरा गुडघा घेऊन घागरी लावत उभी राहायची.

शाळेची व्यवस्था ऋतुजा मॅडम बघायची. मॅडम कसली, माझ्या भाचीएवढी पोरगी. पहिल्या रविवारी तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात 'शाश्वत विकास' लिहिलं.

"म्हणजे काय गं?" हसीनाबीनं मला कोपरानं ढोसलं.

"म्हणजे आपण वापरून मागून येणाऱ्यांनाही पुरलं पाहिजे."

"मागून येणाऱ्यांचं सोड, मला आजच पुरंना की."

मी खो खो हसले. ते हसणं आता आठवलं की मला कसंतरी होतं.

रेवणमामा आले ते पाण्याच्या धड्याला. पूर्ण नाव रेवणसिद्ध कोरे, काम चावीवाल्याचं. व्हॉल्व्हची ती कमरेएवढी चावी खांद्यावर घेऊन फिरायचं, कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं ते फेरे मोजून उघडायचं, फेरे मोजून बंद करायचं. त्या वर्षीच त्यांची बदली पुन्हा आमच्या भागाच्या टाकीवर झाली होती, आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते. बोलायचे मोठ्यानं, जणू आम्ही पलीकडच्या काठावर बसलोय.

"पाण्याला आवाज तीनच," त्यांनी सांगितलं. "वाहतंय, गळतंय, अडतंय. वाहतंय ते जाडं असतं, घूं करत जातं. गळतंय ते बारीक, शिट्टीसारखं. आणि अडतंय म्हणजे कुकरची शिट्टी व्हायच्या आधी फसफसतं ना, तसं. व्हॉल्व्ह अर्धवट बंद असला की ते येतं. तिन्ही ओळखले की झालं तुमचं शिक्षण."

हसीनाबीनं पहिल्याच झटक्यात ओळखलं. "हे वाहतंय," म्हणाली, "आणि त्या खांबाजवळ गळतंय." खांबाजवळ खरंच ओल निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तुला कसं गं आलं?" मी विचारलं. मला राग आला होता, लपवण्यात अर्थ नाही.

"डझनात एक बांगडी तडकलेली असते. डोळ्यांना दिसत नाही. मी वाजवून बघते की. कान म्हणजे काय, सवय."

मला तिसऱ्या रविवारी ऐकू आलं. तोपर्यंत मी मनातल्या मनात सुद्धा बोलत होते, त्या दिवशी कशी कोण जाणे गप्प बसले. आधी काहीच नाही, मग कुठून तरी खोलवरून घूं. मी तशीच वाकून उभी राहिले. इतकी वर्षं ज्या रस्त्यावरून भाजी आणली, त्याच्या पोटात हे चाललेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं धूळ गेली.

त्याच दिवशी घरी चालताना हसीनाबी म्हणाली, "माझे आता दोनच रविवार राहिले."

"का? कंटाळलीस?"

"जावई टेम्पो घेऊन येतोय. पंधरा तारखेला, सोमवारी. पोरीकडं जाते, कायमची. डॉक्टर म्हणतो, आता घागर उचललीस तर चालणं बंद."

"आणि पेटी?"

"पेटी तिथं कुठं लावू? तिथं मला कोण ओळखतं? इथं बाई लांबून येताना दिसली की मला तिच्या हाताचं माप माहीत असतं. तिथं नातवाचं नाक पुसत बसायचं." तिनं गुडघ्यावर हात टेकवला. "मला जायचं नाहीये कुमुद. पण पाण्यापुढं काय चालतंय. आधी यायचं की चांगलं धो धो. तुझ्या पोराच्या लग्नाच्या साली गेलं."

"त्या साली दुष्काळ होता," मी म्हणाले.

"दुष्काळ तर तुलाही होता."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिनंही ते सहज म्हटलेलं होतं, माझ्यावर रोख ठेवून नाही.

पुढचा अभ्यास असा होता. ऋतुजा मॅडमनं प्रत्येक गल्लीचा मोठा कागद केला होता, घर काढलेलं, नाव घातलेलं. पाण्याच्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या दारात सळई लावायची आणि आपल्या चौकोनात लिहायचं, वाहतंय, गळतंय की अडतंय. शाळेच्या पाच सळया होत्या. एक मी घरी आणली.

आमच्या दारात ओटा आहे. तेव्हा तो सबंध गल्लीत नावाजलेला होता. पोराच्या लग्नात पाहुणे बसायला म्हणून आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला. गिरणीच्या कँटीनमधल्या फुटक्या कपबश्यांचे तुकडे दोन वर्षं साठवले होते, त्यांची नक्षी केली. मधोमध निळ्या-हिरव्या तुकड्यांचा मोर. लोक मुद्दाम बघायला यायचे. संध्याकाळी हे त्या मोराशेजारी बसले की मिलच्या मालकालाही असं बसता आलं नसेल. ओटा रस्त्यावर चार फूट पुढं आलेला होता, पण गल्लीत सगळ्यांचेच आलेले होते. मी त्याच्यावर कुणाला चप्पल घालून चढू द्यायची नाही. थंडीत एकदा पहाटे मफलर गुंडाळलेला कुणी बाप्या मोरावर काठी की काय टेकवून वाकलेला दिसला, तर मी खिडकीतून तोंडाचा असा पट्टा सोडला की बास. तो न बोलता निघून गेला होता.

पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला मी सळई घेऊन ओट्यावर आले. मोराच्या मानेवर टेकवली आणि कान लावला.

फसफस.

मला वाटलं आतून कुकरचाच आवाज येतोय. आत जाऊन बघितलं, गॅस बंद. परत ऐकलं. दोन फूट उजवीकडे सरकवली, आवाज कमी. डावीकडे, कमी. मोरावर आणली की फसफस, फसफस. मग उतरून ओट्याच्या खालच्या बाजूला रस्त्यावर लावली. तिथं जवळजवळ काहीच नाही.

हे दारात चहा पीत उभे होते.

"अहो, हा ओटा बांधताना खाली काय होतं?"

"जमीन होती. आणखी काय असणार?"

"लोखंडी झाकण वगैरे?"

त्यांनी कप खाली ठेवला. "होतं एक. गंजलेलं. कशाला?"

"आणि तुम्ही त्याच्यावर फरशी घातली?"

"मग काय मोराच्या पोटात झाकण ठेवू? दिसलं कसं असतं ते?"

मी सळई भिंतीला टेकवून ठेवली. चौदा वर्षं. अकरा घरं. हसीनाबीचा गुडघा. मी सकाळी ज्या मोरावर रांगोळी काढत होते त्याच्याखाली तिचं पाणी अडून बसलं होतं. ह्यांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांनाही कळलं.

"कुणाला बोलू नकोस," हे हळू आवाजात म्हणाले. "पालिकेला कळलं तर अतिक्रमण म्हणून सगळा ओटा उचलतील. घण घालतील त्याच्यावर."

"हसीनाबी सोमवारी चालली पुढच्या."

"लाईन जुनी आहे म्हणतात ना? मग नवी येईल. आपल्यामुळंच कशावरून?"

मला ते उत्तर ऐकायचंच होतं, म्हणून मी ते धरून ठेवलं.

रविवारी कागद भिंतीवर लागला. एकेक जण येऊन आपल्या चौकोनात लिहीत होता. वरच्या घरांत वाहतंय, वाहतंय, वाहतंय. माझी पाळी आली. मी खडू... नाही, पेन होतं हातात. इतकी मी भांबावले होते. लिहिलं, 'काही ऐकू आलं नाही.' हसीनाबीनं आपल्या चौकोनात भोपळा काढला. "पाणी असेल तर आवाज," म्हणाली.

रेवणमामा बराच वेळ कागदासमोर उभे राहिले. मग माझ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"इथपर्यंत वाहतंय. इथून पुढं मेलेलं आहे. मधे काय?"

मी वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत होते.

"ज्यांना ऐकू आलं नाही," मामा म्हणाले, "त्यांनी पुढच्या पाण्याला परत ऐका. एवढंच." आणि माझ्याकडे असे बघायला लागले की यांना सगळं माहीत असावं असंच मला वाटलं. खरं तर ते माझ्या ओठांकडे बघत होते, पण ते मला आठवड्यानं कळायचं होतं.

तो आठवडा मी घरात एक अक्षर बोलले नाही. हे घाबरले. आमटीला नावं ठेवणं बंद झालं. हसीनाबी पेटीतल्या बांगड्या कागदात गुंडाळून खोक्यात भरत होती आणि मी तिथून जाताना तिनं मला हिरव्या रेशमी डझनभर भरल्या. "जाताना शेवटच्या तुला," म्हणाली. माझे हात तिच्या हातात होते आणि मला ते काढून घ्यावेसे वाटत होते.

पुढच्या पाण्याला मी ह्यांना ओट्यावर आणलं आणि सळई त्यांच्या कानाला लावली. "ऐका."

गिरणीत सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या खात्यात अडतीस वर्षं काढलेला माणूस. डोळे मिटून ऐकलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आमच्याकडं वाफ अडली की असंच यायचं." मग सळई माझ्या हातात दिली. "पण ओटा तोडायचा नाही," म्हणाले आणि आत निघून गेले.

रविवार उजाडला, चौदा तारखेचा. मी कुणी बोलवायच्या आतच उभी राहिले. बालवाडीत पोरं उभी राहतात तशी, हात बांधून.

"मागच्या रविवारी मी खोटं लिहिलं," मी म्हणाले. "मला ऐकू आलं होतं. अडतंय. आमच्या ओट्याखाली व्हॉल्व्ह आहे. वर फरशी आम्ही घातली."

एकतीस वर्षांत मी किती पोरांना म्हटलं असेल, खरं सांग, मारणार नाही. ते इतकं जड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं हसीनाबी आता मला बोलणार. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आणि तू हे आठ दिवस पोटात ठेवलंस? तू? मला वाटलं तू आजारी आहेस." मग तिचा आवाज बदलला. "आठ दिवस, कुमुद. मी खोकी भरत होते." तिनं तोंड फिरवलं. बाकावर आमच्या दोघींत वीतभर अंतर पडलं, आणि ते मला योग्यच वाटलं.

मामांनी ऋतुजा मॅडमला विचारलं, "काय म्हणाल्या बाई?" तिनं त्यांना कागदावर माझा चौकोन दाखवून सांगितलं. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "चला," म्हणाले.

सबंध वर्ग गल्लीत आला. मॅडमनं टाकीवर फोन करून तासाभरानं आमच्या भागाला अर्धा तास पाणी सोडायला सांगितलं. मी पुढं चालत होते आणि ह्यांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. दारात आले तर हे ओट्यावर मांडी घालून बसलेले. हातात छोटी छिन्नी, शेजारी बादली. मोराची मान आणि निम्मं पोट निघालेलं होतं. एकेक तुकडा सोडवून, फडक्यानं पुसून बादलीत ठेवत होते.

"अहो, हे काय?"

"तू सांगणार हे मला माहीत होतं," वर न बघता म्हणाले. "मग पालिकेची माणसं येणार, घण घालणार. त्यांच्यापेक्षा माझा हात हलका आहे."

मला भर गल्लीत रडू आलं. मी धूळ वगैरे काही म्हटलं नाही.

तासाभरात झाकण उघडं पडलं. मामांनी ते बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. "अंबादासभाऊ, ओळखलंत का?"

हे डोळे बारीक करून बघत राहिले. "तुम्हाला तेव्हा दाढी होती की."

"होती. तुम्ही मला लग्नासाठी केलेले लाडू दिले होते." मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, तसे ते नेहमीच बोलायचे. "इथून पाणी झिरपायचं, यांचं सिमेंट ओलं राहायचं. मला म्हणाले दोन दिवस जरा बंद ठेवा. मी सहा फेरे बंद केला. परवा येऊन उघडतो म्हणालो. दुसऱ्याच दिवशी माझी बदली झाली, गावाच्या त्या टोकाला. माझ्या जागी आलेल्या माणसाला सांगायचं राहून गेलं. आणि यांनी परवाची वाट न बघता फरशी घातली. बाई, अर्धं पाप तुमच्या ओट्याचं, अर्धं माझं."

"वाटून घेऊ," हे म्हणाले. काही जण हसले.

हसीनाबी लंगडत खाली आपल्या नळाशी जाऊन उभी राहिली. मामांनी चावी खड्ड्यात उतरवली. पहिला फेरा फिरेना. हे आणि मामा दोघांनी मिळून जोर लावला, गंज करकरला आणि फिरला. एक. दोन. मी सळई लावून बसले होते. तीन. चार. पाच. सहा.

खालून हसीनाबीची आरोळी आली, "आलं गं, कुमुद, आलं! घागर वाहून चाललीय!" अख्खी गल्ली तिकडे वळली. ऋतुजा मॅडम पळत सुटली, हे छिन्नी टाकून उठले.

मामा एकटे चावी धरून माझ्याकडे बघत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "आलं का?"

मला काही समजेना. ती आरोळी वरच्या चौकात गेली असेल. मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. मोठ्यानं बोलणं. तोंडाकडे बघणं. 'काय म्हणालात?'

"मामा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

हा प्रश्न मामांनी माझ्या ओठांवरून बरोबर ओळखला. खड्ड्याच्या काठावर बसले. "उजवा कान सहा वर्षांपूर्वी गेला. डावा दोन वर्षांत. समोरचा माणूस मोठ्यानं बोलला तर कळतं थोडं. पाण्याचं तर काहीच नाही."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर चावी काढून घेतली असती. टेबलाशी बसवलं असतं शेवटचे महिने. आणि हे तर उघडायचं राहिलं होतं. बदली होऊन आलो, खालच्या घरांत टँकर बघितला, तेव्हाच मला शंका आली. पण गल्ली केवढी बदललीय. कुठला ओटा, कुठलं दार? खोदा म्हणायला आवाज तरी पाहिजे. थंडीत दोनदा पहाटे येऊन मी तुमच्या ओट्यावर सळई लावली. काही ऐकू आलं नाही."

"मी तुमच्यावर ओरडले होते खिडकीतून."

"असेल," मामा म्हणाले. "तेही ऐकू आलं नाही."

आम्ही दोघं हसलो. मग ते म्हणाले, "म्हणून शाळेत शिकवायला येतो म्हटलं. वीस जण येतात. म्हणजे चाळीस कान झाले की नाही?"

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. हसीनाबीनं जावयाला नळाचं पाणी दिलं, जेवू घातलं, पोरीसाठी दोन डझन बांगड्या दिल्या आणि टेम्पो रिकामा परत पाठवला. माझ्याशी ती पंधरा दिवस बोलली नाही. सोळाव्या दिवशी पेटीवरून हाक मारून म्हणाली, "आण तो हात, बघू किती फोडल्यास." ओट्यात आता चौकोनी झाकण आहे, कुणालाही उघडता येईल असं. मोर त्याच्या शेजारी सरकलाय, जरा बारीक झालाय. मामा निवृत्त झाल्यावर पाण्याचे रविवार आधी हसीनाबीनं घेतले, मग मी घ्यायला लागले. पहिल्या दिवशी नव्या माणसाच्या हातात सळई देते आणि गप्प बसते. मला आता ते जमतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं. सगळे खाली नळावर गेले होते. ओट्यावर आम्ही दोघंच. मामांनी चावी बाजूला ठेवली आणि सळईकडे बोट दाखवलं.

"काय ऐकू येतंय?"

पहिल्या दिवसापासून मी समजत होते की हा माणूस माझी परीक्षा घेतोय. तो खरंच विचारत होता.

मी कान लावला. नीट ऐकलं. मग मान वर करून, चेहरा त्यांच्याकडे करून, सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, "वाहतंय, मामा. जाडं. घूं करत खाली चाललंय."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "परत सांगा."